उजवीकडचं स्टूल

कांत्या, तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुझे टायटॅनियमचे ट्विटर, स्पीकरमधला बारीक आवाज काढणारे ते तुकडे, हातोडीनं ठेचले. कपाटातला अख्खा डबा बाहेर काढला, त्यातलं एकेक चंदेरी पातळ पान, डायफ्राम, लोखंडी ठोकळ्यावर ठेवलं आणि ठेचत गेलो. दुकानासमोर मस्तगडच्या चढावरून जाणारे-येणारे थांबून बघत होते. समोरच्या भांडीवाल्यानं विचारलं, सुतकात कसलं काम काढलं म्हणून. मी पुढचं पान ठोकळ्यावर ठेवलं. जिवंतपणी कानात सुई घातल्यासारखी केकाटणारी ती पानं मरताना मिठाईवरच्या वर्खाएवढाही आवाज करीनात, आणि त्यानं माझं डोकं आणखीच भडकलं. खरं तर मला तुझ्यावरच धावून जायचं होतं. पण तू नव्हतास.

गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायचं असतं म्हणतात. मला ते जमणार नाही. आपलं काय गोड होतं? एका बाकड्यावर दोन स्टुलं, मध्ये सोल्डरिंगचा धूर, आणि सकाळी कुलूप उघडल्यापासून तुझा चौविहार गाठण्यासाठी शटर ओढेपर्यंत भांडण. सूर्य मावळायच्या आत तुला जेवायचं असायचं, म्हणून आपली भांडणंसुद्धा कधी पूर्ण झाली नाहीत. भर रंगात आलेलं भांडण टाकून तू डबा उघडायचास. बिनकांद्याची भाजी माझ्या पुढ्यात सरकवायचास आणि म्हणायचास, खाऊन घे, मंग शिव्या दे.

आपण दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो. तुमचं कापडाचं दुकान होतं, चार पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेलं घर. तुला गादीवर बसायचं सोडून फाटके स्पीकर भरायचा नाद लागला म्हणून तुझे वडील तुझ्याशी बोलेनासे झाले. माझे वडील शाळामास्तर. बाबासाहेबांच्या लेकरानं शिकून खुर्चीवर बसायचं सोडून गोंदानं हात बरबटून घ्यायचे, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. दोघंही घरच्यांच्या मनातून उतरलेले, म्हणून एकत्र राहिलो असू. नाहीतर पायाखालची मुंगी चुकवून चालणारा तू, आणि नुसता धक्का लागला तरी समोरच्याची गचांडी धरणारा मी, आपलं जमायचं काही कारण नव्हतं.

उस्ताद सांगायचे, मिलिंदचा हात चांगला, कांतीलालचा कान चांगला. ते खरं होतं. मी कोन, म्हणजे स्पीकरचा शंकू, असा बसवायचो की त्याच्या बुडाची व्हॉइस कॉइल लोहचुंबकाच्या फटीत केसभरही घासायची नाही. तू मात्र कोनावर नुसती टिचकी मारून पोटातलं सांगायचास. कागदाचा कोन ढप् करतो आणि गप्प बसतो. प्लास्टिकचा कोन टप् करतो आणि नंतर थोडा वेळ स्वतःशीच पुटपुटतो. कागद पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात वाळतो, चार-पाच वर्षांत पिवळा पडतो, तरी माणसाचा आवाज काढावा तर कागदानंच, कारण त्यातून बोलणाऱ्याची छाती ऐकू येते, असं तू म्हणायचास. ट्विटरचं तर तुझं व्रतच होतं. घरात ऐकायचं असेल तर रेशमाचा घुमट. सभेचा, मंदिराचा भोंगा असेल तर राळ मुरवलेल्या कापडाचा तपकिरी डायफ्राम. टायटॅनियम हलकं असतं, कडक असतं, लांब जातं, सगळं मान्य. पण 'स' आणि 'श' आले की ते किणकिणतं. "धातू बोलत न्हाई मिल्या, धातू वाजतो," हे वाक्य तुझंच. मी ते इतक्या गिऱ्हाइकांना ऐकवलं की लोकांना ते माझं वाटायचं.

आता थापडीचं लिहितो. ते टाळून पुढे जाता येणार नाही.

आमच्या वस्तीतल्या विहाराचे दोन स्पीकर दुरुस्तीला आले होते. रोज सकाळी वंदना त्यांच्यावरच लागायची. जयंती तोंडावर आली होती आणि कागदाचे कोन हैदराबादहून येतो म्हणून येत नव्हते. तू दोन दिवस थांब म्हणत होतास. मला थांबायचं कुठलं ठाऊक? मी प्लास्टिकचे कोन टाकले. वर पॉलिश पेपर घासून ते खरबरीत केले, काळी शाई मारली आणि कागद आहे असं सांगून मोकळा झालो. दिसायला इतके हुबेहूब झाले होते की मला माझाच अभिमान वाटत होता. वस्तीतले चार वडीलधारे न्यायला आले, माझ्या वडिलांबरोबर उठबस करणारे. तू डबा धुऊन आत आलास, येता येता सवयीनं कोनावर टिचकी मारलीस आणि थांबलास. "काका, ह्यो कागद न्हाई," असं शांतपणे म्हणालास. "चूक झाली आमची. दोन दिवस द्या, मी बदलून देतो."

'आमची' म्हणालास. 'मिल्याची' म्हणाला नाहीस. ते तेव्हा मला ऐकूच आलं नाही. माझ्या माणसांसमोर तू मला खोटं पाडलंस, एवढंच कळलं. मी स्टुलावरून उठलो आणि उजव्या हाताची सणसणीत थापड तुझ्या डाव्या कानावर ठेवून दिली. सगळा पंजा कानावर बसला. माझ्या तळहाताला कोन चिकटवायचा गोंद होता. हात सुटला तेव्हा तुझ्या कानाजवळचे दोन-तीन केस त्याला चिकटून आले. तू खाली बसलास. कानात पाणी गेल्यावर हलवतात तशी मान हलवत राहिलास. म्हातारे पायरी उतरून गेले. मी दुसऱ्या थापडीसाठी हात उचलला होता, तो तसाच राहिला, कारण तू वर बघून हसायचा प्रयत्न करत होतास.

कोन तूच बदललेस. दोन दिवसांनी कागद आला, तू एकट्यानं बसून दोन्ही स्पीकर भरलेस आणि रिक्षात घालून विहारात पोचवलेस. ते अजून चालू आहेत. आज सकाळी त्यांच्यावरच वंदना ऐकली.

त्यानंतर महिनाभर तू आला नाहीस. सासुरवाडीला गेल्तो, म्हणालास. आलास तेव्हा डाव्या कानात कापूस होता आणि तुझ्या म्हणण्याप्रमाणे सर्दी होती. आल्या आल्या तू जागा बदललीस. तोवर बाकड्याची उजवी बाजू तुझी होती. आता म्हणालास, तिकडे उजेड बराबर पडत नाही, तू उजवीकडे बस, मी डावीकडे बसतो. मी म्हटलं, बस कुठं पण. माफी मागायचं मनात आलं होतं का? आलं असेल. पण माफी माझ्या तोंडात कधी बसलीच नाही. तू आलास, कामाला लागलास, म्हणजे मिटलं, असा मी सोयीचा हिशेब करून टाकला.

आणि मग चार-पाच वर्षांत तू बाटलास. मी हाच शब्द वापरायचो. रेशमाला, कापडाला देव मानणारा माणूस एका सकाळी टायटॅनियमचा डबा घेऊन आला. म्हणे, कापड झोपेत बोलून राह्यलं, धार कुठंय? मी तुझंच वाक्य तुझ्या तोंडावर फेकलं. तू म्हणालास, माणूस शिकतो. तुझे भोंगे इतके चरचरायला लागले की मिरवणुकीच्या गाड्यांवाली मंडळी तुलाच शोधत यायची. मी गावभर सांगत सुटलो की कांत्यानं कान विकला.

किती भांडलो आपण त्यावरून. एकदा मी तुझ्या भोंग्याचं युनिट उचलून रस्त्यावर फेकलं; ते चढावरून गडगडत पार खालच्या पानटपरीपर्यंत गेलं आणि एका म्हशीच्या पायात अडकलं. एकदा नव्या कोऱ्या सहा ट्विटरमध्ये एकामागून एक स्क्रू-ड्रायव्हर खुपसला आणि तू बघत बसलास. स्टिरिओवरून तर रोजच व्हायचं. तू डाव्या-उजव्याच्या तारा एकत्र पिळून टाकायचास. दोन्ही बाजूंनी एकच आवाज, डावा-उजवा सगळं सोंग आहे, म्हणायचास. सोंग? बासरी डावीकडून आणि तबला उजवीकडून आला की अंगावर काटा येतो, हे मला शिकवणारा तूच ना? एकदा मी तुझी कॉलर धरून ओरडलो होतो, बहिरा झाला का भाड्या? तू कॉलर सोडवून घेतली नाहीस. "झालो आसंल," म्हणालास आणि हसलास.

तेव्हा मला ते हसू उर्मट वाटलं होतं.

दर वर्षी पर्युषण संपलं की संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी तू उपास सोडायच्या आधी दुकानात यायचास. पांढरे कपडे, सुकलेलं तोंड. वर्षभरात कळत-नकळत ज्याला ज्याला दुखावलं असेल त्या सगळ्यांची तुम्ही लोक त्या दिवशी क्षमा मागता. तू माझ्यासमोर हात जोडायचास. "खमतखामणा सा." आणि मग तसाच उभा राहायचास. मी म्हणायचो, जा, केलं माफ, ट्विटर मात्र बदल. तू तरी थांबायचास. मला वाटायचं, उपाशी माणूस चहाची वाट बघतोय. मी चहा मागवायचो. त्यावर समोरच्यानंही हात जोडून तेच म्हणायचं असतं, देणं-घेणं दोन्हीकडून असतं, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. एका वर्षी तू बोललासही, "तू बी म्हण की कधी." मी बाकड्यावरून मान वर केली नाही. म्हणालो, "मी काय केलंय?"

इथवर लिहिलंय, कांत्या. लिहिणं थांबवत नाही.

त्या दिवशीचं, वडीगोद्रीचं सांगतो. तुला माहीत आहे, पण तुला सगळं दिसलं नसणार. हायवेकडच्या त्या नव्या मंगल कार्यालयात आपण स्पीकरच्या चार पेट्या लावल्या. भरदुपार. मी माइकवर 'साडेसात, साडेसात' म्हणत होतो आणि प्रत्येक 'स' साप फुसकारल्यासारखा हॉलभर फिरत होता. मी माइक आपटला. उद्या सगळं टायटॅनियम उखडून उकिरड्यावर टाकतो, म्हणालो. तू म्हणालास, मला तर एकदम साफ ऐकू येऊन राह्यलं. मी म्हटलं, तुझ्या कानाला गंज चढलाय. तेवढ्यात फ्यूज उडाला. तू आणतो म्हणालास आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे गेलास. माझ्याशी बोललेलं तुझं शेवटचं वाक्य फ्यूज किती अँपियरचा आणू, एवढंच होतं. मी उत्तर दिलं नाही.

तू परत येताना मी तुला पाहत होतो. मी कार्यालयाच्या फाटकात वायरीचं बंडल घेऊन उभा होतो. तू दुभाजकापर्यंत नीट आलास. तुझ्या डाव्या हाताला एक टेम्पो उभा होता, त्याच्या आडून तू पुढे झालास आणि ट्रकचा हॉर्न वाजला. प्रेशर हॉर्न. तू थबकलास. आणि उजवीकडे मान वळवून मोकळ्या रस्त्याकडे बघत राहिलास. तिकडे काहीही नव्हतं. चष्मा हरवलेला माणूस चाचपतो तसा तू त्या रिकाम्या रस्त्यावर काहीतरी शोधत होतास. मी ओरडलो, कांत्या, डावीकडं. तू माझ्याकडे बघितलंस.

पुढचं मी इथे लिहिणार नाही. फ्यूज तुझ्या मुठीत होता, तो फुटला नव्हता, एवढंच लिहितो.

ट्रकवाल्याला मी केबिनमधून ओढून काढलं. पंचविशीतला असेल. त्याला आधी हातानं मारलं, मग वायरीच्या बंडलानं मारलं. तो पडला तरी मारत होतो. त्याचे दोन दात पडले, ते मी रस्त्यावर बघितले आणि मला बरं वाटलं, हेही लिहितो. तो रक्त थुंकत एकच सांगत होता, "हारन वाजवला ना साहेब. त्ये तिकडंच बघून राह्यले होते." मी त्याच्या तोंडावर लाथ मारली. पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा मी सांगितलं की हॉर्न वाजला नाही. तुझ्या कानाला गंज चढला म्हणणारा मी, माझ्या जबाबाखाली सही करून आलो की हॉर्न वाजलाच नाही. मला वाटतं त्या क्षणी मी त्यावर विश्वासही ठेवला होता. एवढा मोठा आवाज झाला असता तर तू बघितलं नसतंस का?

तुझ्या घरी रोज बसायला जात होतो. येईल त्याला तेच सांगत होतो. हॉर्न न वाजवता गाडी घातली, त्याला सोडणार नाही, सुटून आला तर उरलेले दात पाडीन. आठव्या दिवशी माणसं उठून गेली आणि मंजूभाभी दारात येऊन उभ्या राहिल्या. तू गेल्यापासून त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "हारन वाजला आसंल."

मी म्हटलं, भाभी, मी तिथं होतो. त्या आत गेल्या आणि कोनावरच्या टोप्या, डस्ट कॅप, ठेवायचा तुझा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्याच्या तळाशी दोन कागद घडी घालून ठेवले होते. एक जुना, पिवळा. एक गेल्या वर्षीचा.

कांत्या, मला तो कागद कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. ट्विटरच्या खोक्यातून असाच कागद येतो. आडवं, जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत. उभं, किती ऐकू येतं ते. असे आलेख आपण जन्मभर वाचले, भिंतीला डकवले, त्यावरून एकमेकांना शिव्या दिल्या. फक्त ह्याच्यावर कंपनीचं नाव नव्हतं, तुझं नाव होतं. जुन्या कागदावर डाव्या कानाची रेघ पार तळाला पडली होती. उजवी सरळ होती. नव्या कागदावर उजवीही बारीक आवाजाकडे जाता जाता उतरणीला लागली होती, सगळी वर्षं एकच कान भोंग्यांपुढे धरल्यावर दुसरं काय होणार. हा ट्विटर असता तर तू एकदाही न वाजवता परत पाठवला असतास. ज्या बारीक आवाजात रेशीम हळूच बोलतं आणि धातू किणकिणतो, तिथे तुला फक्त धातूच पोचत होता. रेशीम तुझ्यासाठी मुकं झालं होतं.

भाभींनी बाकीचं सांगितलं. कानाचा पडदा फाटला होता. तू महिनाभर कुणाला दाखवलंच नाहीस, आत पू झाला, तो खोल गेला. डॉक्टरनं विचारलं, कुणी मारलं का, तर तू म्हणालास पायरीवरून पडलो. आणि भाभींना शपथ घातलीस. "म्हणाले, मिल्याला कळू देऊ नको. त्याचा हात त्याच्या पोटाचा हाय. कळलं तर तोडून घेईल." त्या रडत नव्हत्या. "एका कानाच्या माणसाला आवाज कुठून आला ते कळत न्हाई भाऊ. घरात मी हाक मारली तर हे भलतीकडंच बघायचे. आम्ही हसायचो."

मग मला एकेक दिसायला लागलं. फोन आला की डावा हात डोक्यावरून फिरवून उजव्या कानाला लावायचास, आणि मी विचारायचो डाव्या बाजूला लकवा मारलाय का. रस्त्यानं चालताना मला कायम उजवीकडे घ्यायचास. कॉइल घासते का ऐकताना अख्खं अंग वळवून एकच कान कोनाला लावायचास. दोन्ही पेट्यांतून एकच आवाज का, डावा-उजवा सोंग का. उजेड बराबर नाही म्हणून बदललेली जागा. वीस वर्षं मी तुझ्या चांगल्या कानाशी बसून शिव्या दिल्या, आणि ती जागा तूच मला करून दिली होतीस.

तरी मला तुझा राग येतो, कांत्या. खरं सांगतो, दया येत नाही, रागच येतो. तू मला उलटं मारायला हवं होतंस. त्याच दिवशी, त्याच म्हाताऱ्यांसमोर, बाकड्यावरचा हातोडा घेऊन. नाहीतर निदान सांगायचं तरी होतंस. मुंगी वाचवणारी तुमची ती अहिंसा. तिनं मला वीस वर्षं गाढव बनवून ठेवलं. मी एकदा मारलं. तू रोज गप्प राहिलास, आणि आता ते सगळं एकदम माझ्या अंगावर कोसळलंय. ह्याला तू क्षमा म्हणत असशील. मला विचारशील तर एवढा मार मी जन्मात खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डाव्या कानात कापूस आणि वर मेण घालून दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. डोळे मिटले. मस्तगडचा नेहमीचा गलका चालू होता, पण तो सगळा एका बाजूला लोटल्यासारखा झाला, जणू अर्धं गाव कुणी उचलून नेलं. रिक्षाचा हॉर्न वाजला. मी उजवीकडे वळून पायरी उतरलो आणि डोळे उघडले. रस्ता मोकळा होता. भांडीवाल्यानं दंडाला धरून मला मागे ओढलं, तेव्हा डावीकडून रिक्षा गुडघ्याला घासून गेली. रिक्षावाला आईवरून शिवी देऊन गेला. तो मोकळा रस्ता मी ओळखला. वडीगोद्रीला तू ज्याच्याकडे बघत होतास, तोच तो होता.

काल मी वडीगोद्रीला जाऊन जबाब बदलला. सांगितलं, हॉर्न वाजला होता, मी ऐकला होता. पोलीस कंटाळून म्हणाला, मंग त्यांनी का न्हाई ऐकला? मी म्हटलं, त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. कशानं? मी मारलं होतं. त्यानं पेन खाली ठेवलं. ते कधीचं, त्याचा इथे काय संबंध, म्हणाला. मी म्हटलं, लिहा. त्यानं लिहिलं नाही. हॉर्न वाजला, एवढंच लिहिलं आणि माझी सही घेतली. उरलेलं कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून मी हे इथे लिहितोय. त्या ट्रकवाल्या पोराच्या घरीही गेलो. त्यानं मला बघून दार लावून घेतलं. बरोबरच केलं.

परतताना मंगल कार्यालयाच्या मालकानं अडवलं. लोक म्हणतात आवाज टोचतो, ट्विटर बदलून देता का, म्हणाला. दुकानातले बाकीचे मी ठेचले होते. तू शेवटचे बसवलेले हे चारच. मी म्हटलं, दुसरे तुमच्या खुशीनं शेजारी लावा, हे राहू द्या. माझ्या कानाला ते अजूनही टोचतात, कांत्या. ह्या बाबतीत मी माझं मत बदललेलं नाही. पहिला तू बरोबर होतास, दुसरा तू चूक होतास, आणि तो दुसरा कांत्या मी केला होता.

आज अकरावा दिवस. मी तुझ्या घरी लवकर गेलो, माणसं यायच्या आधी. भाभी पाणी ठेवून आत गेल्या. तुझा फोटो पाटावर होता. संवत्सरीला अजून अवकाश आहे, पण तेवढं थांबायचा मला हक्क नाही. मी फार थांबलो. हात जोडले आणि बसणार, तेवढ्यात लक्षात आलं की सवयीनं मी चुकीच्या बाजूला आलोय. फोटोतला माणूस समोर तोंड करून असतो, त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. मी उठलो. पाटाला वळसा घालून तुझ्या उजवीकडे बसलो, चांगल्या कानाशी तोंड नेलं, आणि इतकी वर्षं हात जोडून तू ज्याच्यासाठी थांबत होतास, ते म्हणालो.